थोडं वाकून ऐका



नवी पेठेतल्या आपल्या सल्ला केंद्राचा जिना तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या ओळखीचा आहे. खाली कापडाची दुकानं, गिऱ्हाइकांची गर्दी, भाव करण्याचे आवाज. आणि वर आपली दोन टेबलं, एक कपाट. गेल्या पावसाळ्यात या जिन्याने एक बाई वर आली. मारहाण नाही, सवत नाही, हुंड्याची मागणी नाही. नवरा यंत्रमागावर कामाला, दारू पीत नाही. “मग तक्रार काय आहे?” असं आम्ही विचारलं तेव्हा ती जरा ओशाळलीच. तिच्या नवऱ्याने मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मित्र गाव सोडून गेला. आता हप्ता यांच्या पगारातून कापला जात होता. घर तिच्या विड्यांवर आणि शिवणावर चाललं होतं, आणि डोरल्यातले मणी सावकाराकडे गेले होते.

“पैसे गेले त्याचं जाऊ द्या, ताई,” ती म्हणाली. “मी नको म्हणलते. सही करू नका म्हणून हात धरलते. तेवढं तर कोणीतरी म्हणलं पायजे की.”

पुढच्या खेपेला आम्ही नवऱ्याला बोलावलं. तो आला, खाली मान घालून बसला. त्याने एकही गोष्ट नाकारली नाही. “म्हणलती ती. खरं सांगतो, माझ्या मनाला पटलंतं बी. पण ऐकलो असतो तर पोरं काय म्हणली असती?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याला बायकोचं म्हणणं पटलेलं होतं. ते पटूनही, केवळ बायकोने सांगितलं म्हणून, त्याला ते ऐकता आलं नाही. पोरं काय म्हणाली असती ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाईलबुद्ध्या. बायकोच्या ताटाखालचं मांजर. बायकोच्या मुठीतला. आपल्या भाषेत बायकोचं ऐकणाऱ्या पुरुषासाठी किती शब्द आहेत पाहा, आणि एकही मानाचा नाही. उलट, बायकोचं शहाणपणाचं बोलणं धुडकावून घर बुडवणाऱ्या पुरुषासाठी वेगळा शब्दच नाही. त्याला आपण नुसतं ‘पुरुष’ म्हणतो.

हा प्रसंग आमच्या मासिक बैठकीत मांडला तेव्हा एका तरुण कार्यकर्तीने विचारलं, “बायकोचं ऐकावं असं कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही का हो?” प्रश्न रागाने विचारला होता, उत्तराची अपेक्षा नव्हती. पण मला आपल्याच मराठी माणसांचा एक समाज आठवला, आणि त्यांच्या धर्मग्रंथातला एक जुना वाद. या अंकाचं संपादकीय त्या वादावर लिहायचं ठरवलं.

समाज म्हणजे बेने इस्राएल. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत हे ज्यू लोक शतकानुशतकं राहिले. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावांच्या नावांवरून आडनावं घेतली: दिवेकर, केहिमकर, अष्टमकर. घरात मराठी, लग्नात हळद, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र. मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर 1796 साली उभं राहिलं. 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे ते आपल्यासारखी कीर्तनंही करू लागले, फक्त आख्यानं अब्राहाम आणि मोशेची. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. जी राहिली त्यांना महाराष्ट्र शासनाने 2016 साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. म्हणजे हा विषय दूरदेशीचा नाही. ही चर्चा मराठी घरांतून झालेली आहे.

आता तो वाद. ज्यूंच्या तल्मूद नावाच्या प्रचंड ग्रंथात खरेदी-विक्री, ठेवी, मजुरी अशा व्यवहारांचा एक भाग आहे. त्यात मालाचा वाजवीपेक्षा जास्त भाव लावून गिऱ्हाइकाला फसवणं हा दोष सांगता सांगता धर्मपंडित म्हणतात की शब्दांनी माणसाला दुखावणं हाही तसाच दोष आहे, किंबहुना मोठा. कारण पैसे परत करता येतात, शब्द परत घेता येत नाही. आणि लगेच पुढे येतं ते बायकोला शब्दांनी दुखावण्याबद्दल. नवऱ्याने याबाबतीत फार जपावं, तिचे अश्रू पटकन येतात आणि देवाच्या दारी पटकन पोचतात. अश्रूंचं दार कधी बंद होत नाही, असंही तिथे सांगितलं आहे. आमच्या केंद्राखालच्या बाजारात उभं राहून हे वाचलं पाहिजे. तागडीत मारणारा दुकानदार आणि चारचौघांत बायकोला ‘तुला काय कळतं’ म्हणणारा नवरा एकाच प्रकरणात, एकाच गुन्ह्याखाली. आपल्याकडे पहिल्याला चोर म्हणतात. दुसऱ्याला कर्ता.

त्याच पानावर तिसऱ्या शतकातला रव नावाचा मोठा पंडित म्हणतो की जो बायकोच्या सल्ल्याने चालतो तो नरकात पडतो. पुरावा म्हणून अहाब राजाची गोष्ट पुढे येते. अहाबला नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांची जमीन द्यायला तयार नव्हता. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथला दगडांनी ठार करवलं आणि मळा राजाच्या पदरात टाकला. बायकोचं ऐकलं की असं होतं!

पण तल्मूदचं वैशिष्ट्य हे की मोठ्या पंडिताचा शब्दही तिथे शेवटचा नसतो. पुढच्या शतकातला पापा नावाचा पंडित हरकत घेतो. ग्रंथाचा दाखला देत नाही, लोकांच्या तोंडची म्हण पुढे करतो. बायको ठेंगणी असली तर नवऱ्याने वाकावं आणि तिच्या कानाशी लागून बोलावं, तिचं मत घ्यावं, असा त्या म्हणीचा अर्थ. रस्त्यावरच्या माणसांचं शहाणपण पंडिताच्या फर्मानासमोर उभं केलं आणि ग्रंथाने दोन्ही लिहून ठेवलं.

या म्हणीत मला आवडतं ते वाकणं. बायकोने टाचा उंच करून ओरडायचं नाही. उंची ज्याची जास्त, वाकायचं त्याने. आपल्याकडे मात्र बाईला सांगतात की तू नीट मांड, वेळ बघून बोल, त्याच्या कलाने घे, म्हणजे तो ऐकेल. सगळी कसरत ठेंगणीने करायची.

या पंडित रवचीही एक गंमत तल्मूदमध्येच आहे. त्याचं आणि बायकोचं पटत नसे. तो मसूर मागायचा तेव्हा ती वाटाणे शिजवायची, वाटाणे मागितले की मसूर. बायकोचा सल्ला घेऊ नका असं बजावणाऱ्याच्या घरी तिने एवढा एकच उपाय शोधला असेल, तर मला नवल वाटत नाही. जिथे सरळ बोलणं ऐकलं जात नाही तिथे बोलणं आडवाटेने बाहेर पडतं. आपण त्याला बायकांचा हट्ट म्हणतो.

ऐकल्याने काय होतं याच्याही गोष्टी तिथे आहेत. मेईर नावाच्या पंडिताला शेजारचे गुंड छळत. ते मरावेत अशी प्रार्थना तो करू लागला. त्याची बायको बरूरिया स्वतः विदुषी. तिने धर्मग्रंथातल्या एका ओळीचा अर्थ उलगडून त्याला सांगितलं की पापी संपू देत असं तिथे म्हटलेलं नाही, पाप संपू दे असं म्हटलं आहे. तेव्हा प्रार्थना ते सुधारावेत म्हणून कर. त्याने ऐकलं, आणि ते सुधारले. दुसरी गोष्ट ओन नावाच्या माणसाची. मोशेविरुद्ध कोरहाने केलेल्या बंडात तो सामील झाला होता. बायको म्हणाली, हा जिंकला काय किंवा तो जिंकला काय, तू चाकरच राहणार. तुला यात काय मिळणार? तिने त्याला दारू पाजून झोपवलं आणि स्वतः केस मोकळे सोडून दारात बसली. परस्त्रीचे मोकळे केस बघू नयेत म्हणून बोलावायला आलेली माणसं परत फिरली. बंडखोरांना धरणीने गिळलं, ओन वाचला. आमच्या त्या बाईकडे सही थांबवायला अशी युक्ती नव्हती. तिने फक्त हात धरला.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बघा, एका धर्मात तरी सापडलं. थांबा. आपण बायकांच्या चळवळीतल्या आहोत. मान दिला असं कुणी म्हटलं की मान कुठवर दिला, हे विचारायची आपली सवय मोडता कामा नये.

रवचं म्हणणं आणि ती म्हण, दोन्ही खरी कशी, याचा तोडगा तल्मूद असा काढतं. घरच्या गोष्टींत बायकोचं ऐकावं, बाहेरच्या जगाच्या गोष्टींत नाही. दुसरा पाठ जास्त उदार आहे. त्याप्रमाणे संसाराच्या आणि जगाच्या गोष्टींत ऐकावं, फक्त धर्माच्या गोष्टींत नाही. म्हणजे रेषा कुठे ओढायची यावर दोन मतं आहेत. पण रेषा ओढणारे हात दोन्ही वेळा पुरुषांचेच. आणि घरची गोष्ट कोणती, बाहेरची कोणती? जामिनाची सही बाहेरची म्हणून नवऱ्याने एकट्याने केली. हप्ता मात्र घरात आला. घाण्याचा भाव, मागाचा संप, गावाचं पाणी, मुलीची शाळा यांतलं बाहेरचं काय आहे? ज्याची झळ चुलीपर्यंत येते ते सगळं घरचंच आहे.

शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी अनेक ज्यू घरांत गुणवंत बायकोची स्तुती गातात. ती बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली आहे. ती स्तुती सोलापूरकरणींनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. तिथली बाई लोकर आणि ताग आणते, चाती फिरवते, कापड विणून विकते, व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते. स्वतः शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. रात्री तिचा दिवा विझत नाही. आपल्या शहरात सूत, चादर, शिवण, विडी यांवर वाकलेल्या हजारो बायकांचंच हे वर्णन म्हणा. आणि या सगळ्यात नवरा कुठे आहे? तो गावच्या वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला आहे, जिथे निवाडे होतात. शेवटी म्हटलं आहे की तिच्या कामांची स्तुती वेशीत होवो. तिची कामं वेशीपर्यंत पोचली. ती पोचली नाही.

आपल्याकडे ती वेशीत गेली. 1992च्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एकतृतीयांश जागा मिळाल्या, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. आणि मग किती गावांत तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला! सरपंचपती हा शब्द आपणच तयार केला. बायकोच्या सल्ल्याने चालणारा पुरुष हास्यास्पद, आणि नवऱ्याच्या सल्ल्याने सही करणारी सरपंचबाई मात्र अगदी स्वाभाविक. तिला कुणी ‘पतिबुद्धी’ म्हणून हसलं नाही.

मान आणि हक्क यांत अंतर किती असतं, तेही या परंपरेतच दिसतं. बाराव्या शतकातला थोर स्मृतिकार मैमोनिदेस लिहितो की नवऱ्याने बायकोवर स्वतःइतकं प्रेम करावं, स्वतःहून जास्त मान तिला द्यावा, तिच्याशी हळुवार बोलावं, घरात धाक घालू नये. सुंदर आहे. पण लगेच पुढे तो सांगतो की बायकोने नवऱ्याला राजासारखं मानावं. आणि त्याच ग्रंथात, ठरलेली कामं करायला नकार देणाऱ्या बायकोला चाबकाने का होईना, भाग पाडावं, असंही म्हणतो. फ्रान्समधल्या अब्राहाम बेन दाविद या त्याच्या समकालीन पंडिताने तिथल्या तिथे विरोध नोंदवला की बायकांना चाबकाने वळण लावण्याची गोष्ट आपण कधी ऐकलेली नाही. एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला चाबूक, मध्ये पुरुषांचा वाद. बाईचं स्वतःचं म्हणणं त्या पानावर नाही. ज्यू विवाहात केतुबा नावाचा लेखी करार असतो. त्यात तिच्या अन्नवस्त्राची आणि घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर द्यायच्या रकमेची हमी नवरा देतो, ही केवढी तरी पुढची गोष्ट. पण धर्माप्रमाणे घटस्फोटाचा कागद द्यायचा तो नवऱ्यानेच. त्याने अडवला तर बाई अडकून पडते. अशा नवऱ्यांवर निर्बंध घालणारा, वेळ पडली तर तुरुंगात टाकणारा कायदा इस्राएलला 1995 साली करावा लागला. नवरा वाकेल या भरवशावर बाईने आयुष्य काढू नये, हा त्यातला धडा.

ज्यूंमधल्या बायका तेवढ्यावर थांबल्याही नाहीत. बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला डॉक्टरी शिकल्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की 1925 साली मुंबईत ज्यूंची सुधारक धार्मिक संघटना सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘धर्माच्या गोष्टींत बायकोचं ऐकू नये’ या रेषेवर एका मराठी मुलखातल्या बाईने बोट ठेवलं, तेही कुणाची बायको म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. बायकोचं ऐकावं याचा सर्वांत मोठा आधार म्हणून ज्यू पंडित अब्राहामची कथा सांगतात. सारा जे सांगेल ते ऐक, अशी आज्ञा खुद्द देवाने त्याला केली. पण सारा सांगत काय होती? हागार या दासीला तिच्या मुलासकट घराबाहेर काढ. अब्राहामने ऐकलं. एक भाकर आणि पाण्याची एक पखाल देऊन हागारला रानात घालवलं. पाणी संपलं, पोर तडफडू लागलं, तेव्हा देवाने त्या पोराचा आवाज ऐकला. त्याचं नाव इश्माएल. त्या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. मालकिणीचं नवऱ्याने ऐकलं. दासीचं ऐकायला देवच यावा लागला.

ईजबेल आणि सारा, दोघींचं नवऱ्याने ऐकलं. म्हणजे बाई बोलली म्हणून ते न्याय्यच, असं आपण म्हणू शकत नाही. सल्ला प्रामाणिक हवा, आणि त्याचा भार दुसऱ्या कुणा दुबळ्यावर पडू नये. अहाबचा दोष बायकोचं ऐकलं हा नव्हता. दुसऱ्याची जमीन लुटली हा होता. आणि आपणही तपासून पाहू या. आपल्या बैठकीत भाषण करणाऱ्या ताईचं सगळ्या ऐकतात. चटया घालणारी, चहा आणणारी, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी विडी कामगार बाई काही म्हणू लागली की आपण घड्याळ बघतो. आपल्यातही कुणी उंच आहे, कुणी ठेंगणी आहे. वाकायचं आपल्यालाही आहे.

मान कागदावर उतरला की त्याला वजन येतं. 1989-90च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितलं. घरलक्ष्मी म्हणून ओवाळणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढवणं वेगळं, हे त्या मोहिमेने गावोगाव दाखवलं. ज्या घरात तिचं नाव कागदावर आहे, त्या घरात तिची सहीही विचारावी लागते. आणि सही विचारायची तर आधी मत विचारावं लागतं.

म्हणून या अंकासोबत एक काम सुचवते. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने गेल्या वर्षातला एक असा प्रसंग सांगावा, जेव्हा तिने ‘नको’ म्हटलं होतं आणि घरात ते ऐकलं गेलं नाही. आणि एक असा, जेव्हा ऐकलं गेलं. त्याचं पुढे काय झालं तेही सांगावं. तिचा अंदाज चुकला असेल तर तेही. आपण काही देवी नाही. शक्य असेल तिथे त्यानंतरची बैठक नवऱ्यांसह घ्या, आणि कर्ज, जामीन, गहाण यांच्या कागदावर सही करण्याआधी दोघांनी बसून बोलायचं, एवढं एकच ठरवून उठा. जे काही निघेल ते आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

त्या जोडप्याचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. हप्ते अजून चालू आहेत. मणी सुटलेले नाहीत. पण दिवाळीआधी तो नवरा एकटाच जिना चढून आला. कारखान्यातल्या आणखी एकाने त्याला जामीन राहायला सांगितलं होतं. तो त्याला म्हणाला होता, “घरी विचारतो.” बाकीचे हसले.

“हसू द्या की,” आमच्यासमोर तो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, “ती इथं येऊन काय काय सांगती हो, ताई?”

आम्ही त्याला म्हटलं, ते तिलाच विचारा.